‘म्हणून’ या शब्दाची जोखीम

(लातूर येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाची पत्रिका वाचून दोघा-तिघांनी आम्हाला फोन केला. म्हणाले, “सर, आयुष्यभर कांट आणि शंकराचार्य शिकवले, आता टीव्हीच्या मालिकेवर बोलणार?” प्रश्न रास्त आहे. पण निवृत्तीनंतर आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा एकाच्या घरी जमतो आणि जुन्या विज्ञानमालिका पाहतो. त्यात एक गणिताचे निवृत्त शिक्षक, एक वकील, एक बँकेतून निवृत्त झालेले, एक तरुण इंजिनिअर आणि औसा तालुक्यातल्या एक प्राथमिक शिक्षिका आहेत. शिक्षिकेला सगळे ‘बाई’ म्हणतात. पाहणं होतं पाऊण तास आणि भांडण चालतं तीन तास. त्यातल्या एका भांडणातून आमचीच एक जुनी चूक आम्हाला सापडली. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी थोडा इतिहास सांगतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. मराठवाड्याला त्याचा फार दिवस काही उपयोग नव्हता. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून देशातल्या सहा राज्यांत सुमारे २,४०० गावांना टीव्ही दाखवण्याचा ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता. पण आपल्या शेजारचा गुलबर्गा जिल्हा होता. म्हणजे सीमेपलीकडच्या खेड्यात थेट उपग्रहावरून चित्र येत होतं आणि अलीकडं आपण रेडिओवर बातम्या ऐकत होतो. आर्थर क्लार्क या विज्ञानकथाकाराच्या कोलंबोच्या घरी इस्रोच्या लोकांनी याच प्रयोगासाठी एक अँटेना बसवून दिली होती. भूस्थिर उपग्रहांवरून दळणवळण कसं चालवता येईल हे त्यानंच १९४५ साली लेख लिहून मांडलं होतं. कल्पना मांडणाऱ्याच्या घरात ती कल्पना येऊन बसली, असं हे उदाहरण.

पुढं ऑगस्ट १९८२ मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. देशात रंगीत टीव्ही आला आणि उस्मानाबादमधून फुटून लातूर जिल्हा झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं निघाली, गच्चीवर अँटेना दिसू लागल्या आणि ऐंशीच्या दशकात केव्हातरी रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ आपल्या घरात शिरलं. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं. स्पॉकचे कान तेवढे सगळ्यांना कळायचे. आमच्या गल्लीतली पोरं हाताची दोन-दोन बोटं एकत्र करून त्याच्यासारखा नमस्कार करायची.

ही मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षं चालली. एकूण ७९ भाग. दुसऱ्या वर्षी ती बंद पडणार अशी बोलवा झाली, तेव्हा प्रेक्षकांनी वाहिनीला पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरं वर्ष पदरात पाडून घेतलं. टीव्हीच्या इतिहासात चाहत्यांनी एकत्र येऊन काही घडवल्याचं हे पहिल्या ठळक उदाहरणांपैकी एक. तेव्हा एका भागावर तीन तास भांडणारे आम्हीच पहिले नाही. ती परंपरा साठ वर्षांची आहे.

आम्ही भांडलो तो भाग ६ एप्रिल १९६७ ला प्रथम प्रसारित झाला. नाव ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’. लेखक हार्लन एलिसन. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो.

जहाजावरचे डॉक्टर मॅकॉय चुकून जहाल औषध टोचलं गेल्यामुळं भ्रमिष्ट होतात आणि एका ग्रहावरच्या बोलत्या दगडी कमानीतून भूतकाळात उडी मारतात. ते १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये काहीतरी करतात आणि इकडं वर्तमानातलं जहाजच नाहीसं होतं. इतिहास बदललेला असतो. तो दुरुस्त करायला कॅप्टन कर्क आणि स्पॉक मागोमाग जातात. तेव्हा महामंदीचे दिवस आहेत. एडिथ कीलर नावाची बाई बेकारांना फुकट जेवण देणारं एक केंद्र चालवते. ती हुशार आहे, मायाळू आहे. कर्क तिच्या प्रेमात पडतो. इकडं स्पॉक रेडिओचे व्हॉल्व्ह आणि तारा जुळवून एक खटारा यंत्र बनवतो आणि त्यावर त्याला दोन भविष्यं दिसतात. एकात एडिथ १९३० सालीच रस्त्यावरच्या अपघातात मरते. दुसऱ्यात ती जगते, शांततेची चळवळ उभी करते, त्यामुळं अमेरिका युद्धात उशिरा उतरते आणि अणुबॉम्ब आधी जर्मनीच्या हाती लागतो. म्हणजे मॅकॉयनी जे केलं ते एवढंच की तिला वाचवलं. शेवटी रस्त्यावर ट्रक येतो, मॅकॉय तिला वाचवायला धावतात आणि कर्क त्यांना मिठी मारून अडवतो. ट्रक तिला चिरडून जातो.

या भागाला विज्ञानकथेतला मानाचा ह्यूगो पुरस्कार १९६८ साली मिळाला. पण एलिसन नाराज होता. त्याची मूळ संहिता बरीच बदलली होती. मूळ संहितेत एडिथला मरू देणं कर्कच्या हातून होतच नाही, ते काम स्पॉकवर येतं. गंमत म्हणजे त्या मूळ संहितेला पटकथालेखकांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला. दोन्ही रूपांना पुरस्कार मिळाला म्हटल्यावर चाहत्यांना भांडायला कायमचं निमित्त मिळालं. हात कर्कचा असावा की स्पॉकचा? प्रेम करणाऱ्यानंच अडवावं, की प्रेमात नसलेल्यानं?

आमच्या बैठकीत वकीलसाहेब कर्कच्या बाजूचे. ते म्हणाले, “ज्याला किंमत मोजावी लागते त्यानंच निर्णय घ्यावा. दुसऱ्यानं घेतला तर तो हिशेब होतो.” बँकवाले म्हणाले, “हिशेबच आहे हो. एका बाजूला एक जीव, दुसऱ्या बाजूला कोट्यवधी.”

आता इथं आमच्यातला मास्तर जागा झाला. आम्ही त्यांना सांगितलं की ज्या वर्षी हा भाग आला त्याच १९६७ साली इंग्लंडमध्ये फिलिपा फूट या विदुषींनी एक निबंध छापला. त्यात एक छोटं उदाहरण आहे. ट्रामचा चालक आहे, ट्राम थांबत नाही. समोरच्या रुळावर पाच माणसं, बाजूच्या रुळावर एक. ट्राम वळवावी का? पुढं ज्युडिथ थॉमसन यांनी १९७६ मध्ये या कोड्याला ‘ट्रॉली प्रॉब्लेम’ हे नाव दिलं आणि आता ते जगभर शिकवलं जातं. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही. पण काळच तसा होता. अणुबॉम्ब पाहिलेल्या पिढीला ‘किती जिवांच्या बदल्यात किती’ हा प्रश्न टाळता येत नव्हता.

फूटबाईंचा मुद्दा असा की मारणं आणि मरू देणं यात फरक आहे. वकीलसाहेब लगेच म्हणाले, “मग कर्कनं काय केलं? त्यानं ढकललं नाही. पण नुसता उभाही राहिला नाही. वाचवणाऱ्याला अडवलं.” प्रश्न नेमका तिथंच अडतो. आपल्याकडं असा प्रसंग कुरुक्षेत्रावर येतो. अकराव्या अध्यायात अर्जुनाला पुढचं सगळं दिसतं, समोरचे योद्धे मेल्यातच जमा आहेत हे दिसतं आणि त्याला फक्त निमित्त व्हायला सांगितलं जातं. स्पॉकचं खटारा यंत्र म्हणजे गरिबाघरचं विश्वरूपदर्शनच. पुढचं दिसलं की माणसाला वाटतं, आता आपल्यावर दोष नाही. पण शेवटच्या दृश्यात कर्कचा चेहरा पाहा. दोष गेला असं त्याला वाटत नाही.

गणिताच्या सरांनी मग गाडी आपल्या मुलखात आणली. त्यांनी जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ची आठवण काढली. या कथेचं इंग्रजी रूप अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे, त्यामुळं पोरांनाही ती ठाऊक असते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पानिपतात निकाल उलटा लागला असता तर काय, या विचारात असताना ट्रकची धडक बसते आणि ते अशा जगात पोहोचतात जिथं विश्वासरावांना लागायची गोळी जरा बाजूनं निघून गेली आणि मराठे जिंकले. तिथं भर मैदानात अध्यक्षाशिवाय भाषणं चाललेली असतात. सवयीनं पंत रिकामी खुर्ची पाहून अध्यक्ष होऊ पाहतात आणि लोक त्यांना टोमॅटो मारतात. अध्यक्ष महोदय, माफ करा, पण कथेत तसंच आहे.

दोन्ही कथांत ट्रक आहे, हे सरांनी दाखवून दिलं. एका ट्रकनं इतिहास जागेवर आणला, दुसऱ्यानं इतिहासाचा दुसरा फाटा दाखवला. आणि दोन्हीकडं सगळं एका क्षुल्लक अंतरावर लटकलेलं, गोळी तीळभर इकडं की तिकडं, पाऊल फुटपाथवर की रस्त्यावर.

मग सर म्हणाले, “तीळभराचंच बोलायचं तर आपलं उदगीर घ्या.” ३ फेब्रुवारी १७६० ला उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा मोठा वाटा होता. भाऊंचं नाव झालं. तेवढ्यात उत्तरेकडून खबर आली की १० जानेवारीलाच बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. उत्तरेत कुणाला पाठवायचं? उदगीरचा विजेता समोर होता. मार्चमध्ये परतूरहून भाऊ निघाले, गारद्याचा तोफखाना घेऊन निघाले, आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. सर विचारत होते, “मग उदगीर जिंकलं म्हणून पानिपत हरलो, असं म्हणायचं का?”

सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. साखळी तर खरी आहे. उदगीरचा विजय नसता तर मोहिमेची निवड कदाचित वेगळी झाली असती. तरीही उदगीरला लढणाऱ्यांवर पानिपताचा दोष आपण ठेवत नाही. त्यांच्याजवळ स्पॉकचं यंत्र नव्हतं. पुढचं आपल्याला दिसतं, कारण आपण नंतर जन्मलो. इतिहासकाराला एवढी एकच सवलत मिळालेली असते आणि तो तिचाच सगळ्यात जास्त गैरवापर करतो.

हे सगळं चाललेलं असताना बाई गप्प होत्या. त्यांनी पूर्ण भाग नीट पाहिला होता. मग त्यांनी विचारलं, “सर, तो कप्तान शेवटी ‘बरं झालं’ असं म्हणाला का हो? मला इंग्रजी तेवढं कळत नाही.”

आम्ही म्हटलं, “नाही बाई. कमान सांगते की सगळं पूर्ववत झालंय. तो फक्त म्हणतो, इथून निघू या.”

“मग माणूस बरा आहे,” बाई म्हणाल्या. “आमच्याकडं म्हणतात लोक. भूकंप झाला म्हणून पक्की घरं आली, रस्ते आले, नोकऱ्या लागल्या. माझी माय आणि धाकटा भाऊ गेला त्या रात्री. मायला कुणी विचारलं होतं का, बाई, तुझ्या बदल्यात गावाला रस्ता देतो म्हणून?”

खोलीत कुणी बोललं नाही. आम्ही तर नाहीच. कारण, मित्रहो, भूकंपाला दहा वर्षं झाली तेव्हा एका व्याख्यानात आम्ही स्वतः म्हणालो होतो की या आपत्तीनं मराठवाड्याला जगाच्या नकाशावर आणलं, एका अर्थानं ती इष्टापत्तीच ठरली. टाळ्या पडल्या होत्या. समोर कोण बसलंय याचा विचार आम्ही केला नव्हता.

त्या रात्रीची उजळणी तुम्हाला सांगायला नको, पण तरुण मंडळी इथं आहेत म्हणून सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. तीव्रता सुमारे ६.२, म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानानं मध्यम. तरी मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या घरात गेला. औसा आणि उमरगा तालुक्यांत गावंच्या गावं बसली. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली गेली.

एवढी माणसं का गेली? आपली जुनी घरं आठवा. दगड आणि चिखलाच्या दोन-तीन फूट जाड भिंती, त्यावर माळवद, म्हणजे लाकडं टाकून फूट-दीड फूट, कुठं दोन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा उत्तम. पण हादरा बसला की भिंतीतले गोल दगड सुटतात आणि सगळी माती झोपलेल्यांच्या अंगावर येते. जिथं माळवद भिंतीवर नसून लाकडी खणांवर, म्हणजे खांब आणि तुळयांवर उभं होतं, तिथं भिंती पडल्या तरी छत टिकल्याची उदाहरणं अभ्यासकांना आढळली.

आता आणखी बरंच मागं चला. १ नोव्हेंबर १७५५, लिस्बन. तोही सणाचा दिवस, सर्व संतांचा. सकाळी चर्चं भरलेली असताना भूकंप झाला, पाठोपाठ समुद्राची लाट आली आणि आग लागली. त्याआधी १७१० साली लायबनिझनं मांडून ठेवलं होतं की ईश्वरानं शक्य असलेल्या जगांतलं उत्तमातलं उत्तम जग निवडलं, त्यातलं वाईटही एकूण चांगल्यात बसतं. लिस्बनची बातमी ऐकून व्हॉल्तेअर चिडला. त्यानं कविता लिहिली आणि १७५९ मध्ये ‘कांदीद’ लिहून या ‘सगळं भल्यासाठीच’ मताची खिल्ली उडवली. आम्ही वर्गात ‘कांदीद’ शिकवायचो, पोरं हसायची. आणि त्याच तोंडानं आम्ही किल्लारीला इष्टापत्ती म्हणालो.

त्या वादात रूसोनं व्हॉल्तेअरला ऑगस्ट १७५६ मध्ये पत्र लिहिलं. त्यातला मुद्दा आम्हाला फार कामाचा वाटतो. निसर्गानं काही तिथं सहा-सात मजल्यांची हजारो घरं दाटीवाटीनं बांधली नव्हती, ती माणसांनी बांधली, असं त्याचं म्हणणं. म्हणजे जमीन हलली हा निसर्गाचा भाग, आणि अंगावर काय पडलं हा आपला. लिस्बनच्या राज्यकर्त्यांनी मग गावोगावच्या चर्चना प्रश्नावली पाठवली, हादरा किती वेळ होता, काय पडलं, काय उभं राहिलं. आणि नवी घरं बांधताना भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा घातला. आपले खण आणि त्यांचा पिंजरा यांत फार अंतर नाही.

आता बाईंच्या प्रश्नाकडं येतो. ‘म्हणून’ हा आपल्या भाषेतला साधा शब्द आहे, पण त्याच्या पोटात तीन अर्थ आहेत. पहिला कारणाचा: पाऊस पडला म्हणून ओढा भरला. दुसरा हेतूचा: पोरगं शिकावं म्हणून बापानं शेत विकलं. तिसरा समर्थनाचा: तो चोर होता म्हणून त्याला मारलं, म्हणजे मारणं योग्यच होतं. बोलताना आपण पहिल्यावरून नकळत दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावर घसरतो.

भूकंप झाला म्हणून पक्की घरं आली. पहिल्या अर्थानं हे खरं आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला अशी ही गाठ नव्हे, पुनर्वसन भूकंपामुळंच झालं. पण पक्की घरं यावीत म्हणून भूकंप झाला, हे खोटं. आणि पक्की घरं आली म्हणून जे झालं ते ठीक झालं, हे खोट्याहून वाईट. ते मेलेल्यांच्या नावावर न विचारता काढलेलं कर्ज आहे. आम्ही व्याख्यानात केलं ते हेच.

कुणी म्हणेल, कर्कनंही तेच केलं की. नाही. कर्कला आधी कळलं होतं, त्याला निवडायचं होतं आणि निवडल्यावरही त्यानं ते गोड मानून घेतलं नाही. आपण किल्लारीत काही निवडलं नव्हतं. नंतर मिळालेल्या गोष्टी पाहून आपण जणू तेव्हाच सौदा केला होता असं बोलतो.

मग ‘जर-तर’ सोडून द्यावं का? गंगाधरपंतांसारखं ट्रकखाली येईपर्यंत विचार करत बसायचं नाही, हे ठीक. पण एक ‘जर’ आपल्या कामाचा आहे. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत धक्के जाणवत होते. लोक घाबरून बाहेर झोपत होते. देशाच्या भूकंप-नकाशावर आपला भाग तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तेव्हा जर खणांची घरं आणि भिंतीवरची माळवदं यांतला फरक कुणी गावोगाव सांगितला असता तर? या ‘जर’नं बाईंची माय परत येत नाही. पण आज माझ्या शेजारी कुणी बांधकाम करतोय त्याच्या भिंतींना पट्टा टाकलाय का, हे विचारायची बुद्धी होते. पुढं २००२ मध्ये नकाशा बदलला आणि आपण वरच्या पट्ट्यात आलो. नकाशा बदलला म्हणजे घर बदललं असं नाही.

इतिहास लिहिणाऱ्यानं आणि सांगणाऱ्यानं ‘म्हणून’ लिहिताना थांबून विचारावं: यातला कोणता? कारण सांगायचं असेल तर खुशाल सांगावं. समर्थन करायचं असेल तर ज्याचं घर पडलं तो समोर बसलाय असं समजून करावं.

त्या दिवशी बैठक संपल्यावर आम्ही बाईंना त्या जुन्या व्याख्यानाचं सांगितलं आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, “जाऊ द्या सर. पुढच्या महिन्यात कोणता भाग लावताय?” आम्ही म्हटलं, तुम्ही सांगाल तो. त्यांनी सांगितलं, हाच परत लावा, या वेळी इंजिनिअरदादांना मराठीत सांगायला बसवा, मला पूर्ण समजून घ्यायचाय.

तसा तो आम्ही परत पाहिला. शेवटी ट्रक आला तेव्हा कुणीच हिशेब मांडला नाही.